योगशिक्षक व्हायला निघालात? महिनाभराच्या निवासी कोर्सची तयारी

आधी हिशेब करू. २०० तासांचा कोर्स २८ दिवसांत संपवायचा आणि आठवड्याला एक सुट्टी धरायची, म्हणजे हातात उरतात २४ दिवस. रोजचे आठ तास वीस मिनिटं झाली. त्यातली आसनं फार तर साडेतीन तास. बाकीचा सगळा वेळ तुम्ही जमिनीवर बसून ऐकणार, लिहिणार, सूत्रं पाठ करणार आणि दुसऱ्याला शिकवून दाखवणार.

माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक जण मात्र आसनांचीच तयारी करून येतात. "ताई, मला अजून शीर्षासन जमत नाही, नाव घालू का?" शीर्षासन येत नाही म्हणून कुणी घरी पाठवत नाही. पाऊण तास मांडी घालून बसता येत नसेल, तर मात्र पहिल्याच दुपारी जीव नकोसा होतो. मी हा कोर्स एकेचाळिसाव्या वर्षी केला, नोकरीतली रजा साठवून. आता सकाळचे दोन वर्ग घेते. तेव्हा कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे लिहिते.

कुठे शिकवायचंय ते आधी ठरवा

संस्था निवडण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण कुठलं प्रमाणपत्र उपयोगी पडेल ते त्यावर ठरतं.

'२०० तास' हा आकडा जगभर पसरला तो अमेरिकेतल्या योग अलायन्समुळे. १९९९ साली सुरू झालेली ही खासगी नोंदणी संस्था आहे. ती योगशाळांची नोंदणी करते. त्या शाळेतून शिकून आलेल्याला फी भरून आपलं नाव यादीत घालता येतं. तुमची परीक्षा ती स्वतः घेत नाही, परीक्षा घेते ती शाळा. म्हणून एकाच शिक्क्याच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. परदेशात किंवा गोव्यातल्या रिट्रीटमध्ये शिकवायचं असेल तर हा शिक्का विचारला जातो.

आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे. त्याची लेखी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा असते. शिकवणाऱ्यांच्या पायऱ्या अशा: योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यानंतर टीचर अँड इव्हॅल्युएटर, आणि वर योग मास्टर. सरकारी योजना, शाळा, आरोग्य केंद्रं अशा ठिकाणी काम हवं असेल तर या वाटेने जा.

आणि सोसायटीच्या हॉलमध्ये आसपासच्या बायकांना, ज्येष्ठांना शिकवायचं असेल तर? तिथे प्रमाणपत्र कुणी बघायलाही मागत नाही. गुडघा दुखणाऱ्या काकूंना तुम्ही काय सांगता, ते मात्र सगळे बघतात.

नोकरी-घर सोडून महिनाभर जाणं शक्य नसेल तर मन खट्टू करून घेऊ नका. शनिवार-रविवारचे सहा-आठ महिन्यांचे वर्ग असतात, मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका आहे. दोन वर्गांच्या मधे आठवडा मिळतो, त्यात शिकलेलं मुरतं. निवासी कोर्सचा फायदा वेगळा: तिथे भाजी, डबा, शाळेची बस काहीच डोक्यात नसतं. माझ्यासारख्या बाईला त्याचंच अप्रूप जास्त होतं, हे कबूल करते.

संस्था निवडताना

या बाबतीत आपण मराठी लोक नशीबवान आहोत. आधुनिक योगशिक्षणाची सुरुवात ज्या ठिकाणी झाली, त्यातली बरीच लोकलच्या नाहीतर एसटीच्या अंतरावर आहेत. गुजरातेतल्या मालसरच्या परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य. एकाने, श्री योगेंद्रांनी, १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं, आणि उड्डियान-नौली (पोट आत ओढण्याच्या आणि पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रिया) करताना पोटात दाब किती बदलतो हे उपकरणं लावून, एक्स-रे काढून तपासलं. पुण्याला १९७५ पासून योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था आहे. नाशिकच्या योग विद्या धामने गावोगावी मराठीतून शिकवणारे शिक्षक तयार केलेत.

सगळीकडची पद्धत सारखी नाही, आणि नाव घालण्याआधी हे कळायला हवं. अय्यंगार परंपरेत महिनाभराचा कोर्स करून शिक्षक होता येत नाही. एका शिक्षकाकडे वर्षानुवर्षं शिकायचं आणि मग मूल्यमापनाला बसायचं. लोणावळ्याच्या परंपरेत आसनं सावकाश, ताण कमी, प्राणायाम आणि शुद्धिक्रियांवर भर. ऋषिकेशच्या तपोवन भागात गल्लोगल्ली २०० तासांचे फलक दिसतात. तिथले बरेच कोर्स परदेशी विद्यार्थ्यांसाठी आखलेले, इंग्रजीतून चालणारे आणि घामटा काढणारे असतात. उत्तम शिक्षक तिथेही आहेत, पण ते शोधावे लागतात.

फोन करून हे प्रश्न विचारा. कुणी उडवाउडवी केली तर तेच उत्तर समजा.

- आसनं रोज कोण घेणार? वेबसाइटवर ज्यांचा फोटो आहे तेच, की गेल्या बॅचचा विद्यार्थी?
- एका वर्गात किती जण? पस्तीसच्या वर असतील तर तुमच्याकडे कुणाचं लक्ष जाणार?
- प्रत्येकाला स्वतः उभं राहून किती वेळा शिकवायला मिळतं?
- मधेच आजारी पडून परत जावं लागलं तर फीचं काय? लेखी मागा.
- शिकवण्याचं आणि परीक्षेचं माध्यम कोणतं? मराठी-हिंदीत उत्तरं लिहिलेली चालतात का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अख्ख्या महिन्यात दोनदाच शिकवायला मिळणार असेल, तर तो शिबिराचा आनंद झाला, शिक्षकाचं प्रशिक्षण नव्हे. शक्य असेल तर तिथे एक दिवस जाऊन साधा वर्ग करून या. शिक्षक चुका कशा दुरुस्त करतात, मागच्या रांगेतल्या जाड माणसाशी कसं बोलतात, एवढं पाहिलं तरी पुरे.

दोन महिने आधी

जमिनीवर बसायला लागा. रोजचं एक जेवण पाटावर किंवा सतरंजीवर. ज्या पिढीने पंगतीत तास-तास मांडी घातली तिला हे सांगावं लागलं नसतं. आपण डायनिंग टेबलवाले. सुरुवातीला माकडहाडाखाली दुमडलेलं ब्लँकेट घ्या, म्हणजे गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप ताठ होते. दहा मिनिटांपासून सुरू करून पाऊण तासापर्यंत न्या.

चहा कमी करा, आणि हे गंमतीने घेऊ नका. बऱ्याच संस्थांत चहा नसतो, किंवा असतो तो गवती चहाचा काढा. दिवसाला चार कप पिणाऱ्याने एकदम चहा तोडला की दुसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखतं. आमच्या तुकडीत पहिल्या दोन दिवसांत निम्मे लोक कपाळाला बाम चोळून बसले होते आणि त्यांना वाटत होतं की ही प्राणायामाची बाधा! दोन आठवडे आधीपासून रोज अर्धा-अर्धा कप कमी करत या.

पहाटे पाचला उठायची सवय लावा. त्यासाठी आधी रात्रीचा मोबाइल सोडावा लागतो.

आसनं रोज तासभर, पण साधी. सूर्यनमस्कार शाळेत शिकलेले असतील तर थोडं विसरायचीही तयारी ठेवा. महाराष्ट्रात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, आणि तिथून पुढे त्यांचे कितीतरी प्रकार झाले: कुणी दहा अंकांत घालतं, कुणी बारा, कुणी गुडघे टेकवतं, कुणी नाही. "आमच्या शाळेत असं नव्हतं" हे वाक्य घरी ठेवून जा.

डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, जुनी पाठदुखी, हर्निया, काचबिंदू, थायरॉइड, झालेली शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधं, सगळं प्रवेश अर्जात खरं लिहा. नाव नाकारतील या भीतीने लोक लपवतात आणि मग नेमकं न करायचं तेच करून बसतात.

वाचन फार नको. पातंजल योगसूत्रांचा एखादा मराठी अनुवाद आणि शरीररचनेचं एखादं शालेय पातळीचं पुस्तक पुरे. समाधिपाद आणि साधनपाद, म्हणजे सूत्रांचे पहिले दोन भाग, एकदा नजरेखालून गेलेले असले की वर्गात परकं वाटत नाही.

बॅगेत काय

सुती, सैल, बसताना-वाकताना न सरकणारे कपडे, पाच-सहा जोड. कोर्स जून ते सप्टेंबरमध्ये लोणावळ्याकडे असेल तर आणखी दोन जोड वाढवा. तिथल्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि ओलसर वासाच्या सदऱ्यात प्राणायाम करणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. शवासनात आणि पहाटेच्या ध्यानात अंग गार पडतं, म्हणून मे महिन्यातही एक शाल हवी. एक पंचा, नेतीचं (मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं) भांडं, स्वतःची मॅट, आणि एक जुनी चादर, जी बसायला, गुंडाळून मानेखाली घ्यायला, पाय बांधायला, कशालाही चालते. दोन वह्या. एक व्याख्यानांची, दुसरी फक्त सूचनांची: शिक्षकांनी आसन घेताना नेमके कोणते शब्द वापरले ते त्याच रात्री लिहून ठेवायचे. ही दुसरी वही मी आजही उघडते. पहिली कुठे आहे देव जाणे.

पहिला आठवडा

पाचची घंटा, साडेपाचला प्रार्थना, सहा ते साडेसात आसनं, नाश्ता, सकाळची दोन व्याख्यानं, जेवण, दुपारी पुन्हा व्याख्यान, संध्याकाळी आसन-प्राणायाम, सातला जेवण, मग मंत्रपठण किंवा प्रश्नोत्तरं, साडेनऊला दिवे बंद. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी रडू येतं. कारण काही नसतं. झोप कमी, अंग ठणकतंय, जेवण अळणी, घरची आठवण. आमच्याकडे एक निवृत्त पोलीस अधिकारी होते, तेसुद्धा पाचव्या दिवशी बॅग भरून बसले होते. त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. दुपारी झोपा, संध्याकाळचा वर्ग अर्ध्या ताकदीने करा. सातव्या दिवसानंतर शरीराला लय सापडते.

हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, हठप्रदीपिकेत, योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग (माणसांत फार मिसळणं) आणि लौल्य (मनाची चंचलता). परीक्षेला हा श्लोक हमखास येतो, पण पहिल्या आठवड्यात तो स्वतःवर लावून बघा. अत्याहार म्हणजे आश्रमाच्या रविवारच्या शिऱ्याची तिसरी वाटी. प्रजल्प म्हणजे तुकडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, जो तिसऱ्या दिवशी तयार होतो आणि ज्यात कोणत्या सरांचं कोणाशी पटत नाही याची चर्चा चालते. नियमाग्रह म्हणजे ताप असतानाही "वर्ग चुकवायचा नाही" म्हणून जाणं. आणि प्रयास, म्हणजे शरीराच्या पलीकडे जाऊन केलेला अट्टहास. त्यात मी सापडले.

दुखणं आणि दुखापत यातला फरक

दहाव्या दिवशी पश्चिमोत्तानासनात शेजारच्या मुलीचं कपाळ गुडघ्याला लागलं. ती बावीस वर्षांची, भरतनाट्यम शिकलेली. मी दात-ओठ खाऊन वाकले. बैठकीच्या हाडाशी, नितंबाच्या अगदी खाली, टच्‌ झालं. "थोडं दुखणारच" असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत तेच केलं. मांडीच्या मागचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे ती इजा होती. पूर्ण बरी व्हायला आठ महिने लागले, आणि त्या काळात लांबच्या प्रवासात बसवत नव्हतं.

म्हणून हे नीट वाचा. अख्ख्या मांडीभर, पोटरीभर पसरलेलं, दाबल्यावर बरं वाटणारं आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारं दुखणं हे स्नायूंना सवय नसल्याचं. त्याला घाबरायचं नाही. एका बोटाने जागा दाखवता येते, सांध्याजवळ किंवा हाडाजवळ आहे, टोचतं, सकाळी पहिल्या पावलाला जास्त जाणवतं, मुंग्या येतात किंवा पायात कळ उतरते, असं असेल तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगा आणि ते आसन बंद करा. कोर्समध्ये रोज दोनदा तीच आसनं होतात, त्यामुळे छोट्या इजेला भरून यायला वेळच मिळत नाही. मांडीच्या मागच्या ताणात गुडघे किंचित वाकवा. पद्मासनासाठी गुडघा हाताने ओढू नका. तिथे खुबा वळायला हवा, आणि तो वळला नाही की सगळा पीळ गुडघ्यावर जातो.

पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिली. पहिलं 'स्थिरसुखमासनम्' सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्यात 'प्रयत्नशैथिल्य' हा शब्द आहे, तो माझ्या तुकडीतल्या फळ्यावर महिनाभर लिहिलेला होता. माझ्या डोक्यात तो आठ महिन्यांनी शिरला.

शुद्धिक्रिया

नवख्यांना सर्वात जास्त धास्ती यांचीच. जलनेती ही खरं तर सोपी. उकळून कोमट केलेलं पाणी, अर्ध्या लिटरला सपाट एक चहाचा चमचा मीठ. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तर जळजळतं. तोंड उघडं ठेवून श्वास तोंडाने. चूक होते ती नंतर: नाक पूर्ण कोरडं करत नाहीत. कमरेत वाकून, डोकं खाली सोडून, दोन्ही नाकपुड्यांतून हलके श्वास सोडा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे चढतं.

वमन (मिठाचं पाणी पिऊन उलटी करणं) आणि शंखप्रक्षालन (तसंच पाणी पिऊन आतडी धुऊन काढणं) फक्त जाणत्या शिक्षकासमोर. रक्तदाब, हृदयविकार, अल्सर, हर्निया, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर नाही म्हणा. कुणी आग्रह केला तरी नाही म्हणा. शंखप्रक्षालनानंतर मऊ मुगाची खिचडी आणि तूप मिळतं, आणि त्या दिवशी दुपारी गाढ झोपावंसं वाटतं. घरी येऊन यूट्यूब बघून हे प्रकार करू नका.

राग म्हणजे राग नव्हे

आता मराठी विद्यार्थ्याची खास गंमत. संस्कृत नावं आपल्याला लवकर पाठ होतात. शेजारचा जर्मन मुलगा 'अधोमुखश्वानासन' म्हणताना घामाघूम होत असतो. आपण अधः, मुख, श्वान असं तोडून एका मिनिटात शिकतो. पण याच ओळखीचा घात होतो. शब्द मराठीत रोजचे आहेत आणि त्यांचे अर्थ भलतीकडे गेलेत.

'राग' हा योगसूत्रांतल्या पाच क्लेशांतला, म्हणजे दुःखाच्या मुळांतला, एक. माझ्या पहिल्या चाचणीत मी लिहिलं, राग म्हणजे क्रोध. चूक. सूत्र आहे 'सुखानुशयी रागः', सुखाच्या मागोमाग येणारी ओढ, आसक्ती. 'अभिनिवेश' म्हटलं की आपल्याला सभेत टेबल बडवणारा वक्ता आठवतो. पतंजलींचा अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मरणाची भीती, जी विद्वानालाही सुटत नाही. 'विकल्प' आपल्याकडे पर्याय किंवा मनातली शंका. सूत्रात ते निव्वळ शब्दांवर उभं असलेलं, मागे वस्तूच नसलेलं ज्ञान. 'प्रमाण' म्हणजे मीठ किती ते नव्हे, खरं ज्ञान मिळवण्याचं साधन: प्रत्यक्ष, अनुमान, आगम. 'धारणा' म्हणजे समजूत नव्हे, चित्त एका जागी बांधणं. आणि साधकाच्या पाच नियमांतलं पहिलं 'शौच' (सूत्रात त्याचा अर्थ शुद्धता) वाचून वर्गात जो हशा पिकतो तो विचारूच नका.

वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची दोन रकान्यांची यादी करा: डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे सूत्रातला. माझी यादी तेवीस शब्दांवर गेली होती.

आसनांच्या नावातही असंच. पश्चिमोत्तानासनात पश्चिम का? साधक पूर्वेकडे तोंड करून बसतो, म्हणून शरीराची मागची बाजू पश्चिम. हे एकदा कळलं की पूर्वोत्तानासनात ताण कुठे येणार ते पाठ करावं लागत नाही. बंधांची (शरीरातले ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रियांची) नावं तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहेत. ती घरात वाचली जात असेल तर मूळबंध, जालंधर, 'वोढियाणा' हे शब्द कानावरून गेलेलेच असतील.

शरीररचनेचा पेपर अवघड वाटतो, कारण आपण हाडांची लॅटिन नावं घोकत बसतो. स्वतःच्या अंगावर हात ठेवून शिका. खुबा वाकवला तर काय पुढे जातं, खांदा वर घेतला तर खांद्याचं पातं कुठे सरकतं. जोडीदाराच्या पाठीवर बोटाने मणके मोजा: मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच.

सराव पाठ: खरा कोर्स इथे सुरू होतो

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी तुमचं नाव पुकारलं जातं आणि दहा जणांसमोर उभं राहून ताडासन शिकवायचं असतं. रोज करत असलेलं ताडासन. तोंडातून शब्द फुटत नाही.

कारण आपल्याला ते करता येतं, सांगता येत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीदार शोधा आणि रोज पंधरा मिनिटं एकमेकांना एकच आसन शिकवा. त्याने डोळे मिटून फक्त तुमच्या शब्दांवर चालायचं. तुम्ही न सांगितलेलं काहीही त्याने करायचं नाही. "पाय वर घ्या" म्हटलं की तो विचारेल, कोणता? गुडघ्यात वाकवून की सरळ? किती?

पाठ टाचण लिहा, बी.एड.वाल्यांसारखं. पूर्वस्थिती कोणती: दंडस्थिती (उभं), बैठकस्थिती, शयनस्थिती (पाठीवर) की विपरीत शयनस्थिती (पोटावर). मग आसन कसं घ्यायचं, स्थितीत काय बघायचं, आणि कसं सोडायचं. नवे शिक्षक सोडायच्या सूचना हमखास विसरतात, आणि सगळा वर्ग हलासनात लटकलेला राहतो. झालंय आमच्याकडे.

सूचना देताना काही गोष्टी घोटून घ्या. आधी श्वास, मग अवयव, मग दिशा: "श्वास सोडत... कमरेतून... पुढे वाका." एका श्वासात एकच सूचना. विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभे असाल तर तुम्ही डावा हात उचलायचा आणि म्हणायचं "उजवा". याला आठवडा लागतो, आरशासमोर करा. "छान", "मस्त", "अजून थोडं" यांची खैरात नको. 'अजून थोडं'ने किती गुडघे आणि पाठी बिघडल्या असतील! आणि गप्प राहायला शिका. आसन घेऊन झालं की दहा सेकंद शांतता. फोनवर स्वतःचा पाठ रेकॉर्ड करून ऐका. मी एका पाठात 'ओके' किती वेळा म्हटलं ते मोजायला घेतलं आणि तिसाव्याला सोडून दिलं.

बघणं ही अर्धी कला. वर्गात फिरताना आधी मान, मग गुडघा, मग श्वास बघा. श्वास रोखलेला दिसला की समजा जास्त झालं. हात लावून दुरुस्ती करण्याआधी विचारा. "हात लावू का?" एवढे तीन शब्द, आणि नको म्हटलं तर नको. दुरुस्ती बहुतेक वेळा शब्दांनीच होते.

कोर्समध्ये तुमच्यासमोर बसलेले दहा जण तुमच्यासारखेच, योगाची आवड असलेले. बाहेर तसे मिळत नाहीत. म्हणून शिक्षकांना मुद्दाम विचारा: हे खुर्चीवर कसं शिकवू? भिंतीला टेकून कसं? गुडघ्याचा सांधा बदललेल्या आजींना वज्रासनाऐवजी काय देऊ? काचबिंदू असलेल्याला डोकं खाली जाणारी आसनं नकोत, हाडं ठिसूळ झालेल्याला खोल पुढे वाकणं नको, रक्तदाब जास्त असलेल्याला जोरात कपालभाती नको. अशी यादी अभ्यासक्रमात असते, पण पाठ करण्यापेक्षा एकेका माणसाची गोष्ट म्हणून लक्षात ठेवली की टिकते. अय्यंगारांनी दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे वर्गात आणले ते याच अडचणींतून. तुमची परंपरा वेगळी असली तरी ही युक्ती उसनी घ्यायला हरकत नाही.

परतल्यावर

घरी आल्यावर पहिला आठवडा काहीही सुरू करू नका. योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षेला बसायचं असेल तर मात्र दोन-तीन महिन्यांच्या आत बसा, नंतर सूत्रं उडतात.

पहिले विद्यार्थी घरचे नकोत. नवरा किंवा सासूबाई तुमचं ऐकणार नाहीत, आणि आईला वाटेल तुम्ही तिला म्हातारी समजता. सोसायटीतल्या पाच-सहा जणांना महिनाभर फुकट शिकवा, पण महिना संपल्यावर फी असेल हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर पैशांचा विषय काढणं फार जड जातं, स्वानुभव आहे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एक साधा कागद भरून घ्या: वय, दुखणी, औषधं, शस्त्रक्रिया, घरच्या माणसाचा फोन. आणि कुणी विचारलं, "याने माझी शुगर जाईल ना?" तर सरळ सांगा की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. तुम्ही डॉक्टर नाही. महिनाभराच्या प्रमाणपत्रावर 'योग थेरपिस्ट' अशी पाटी लावणारे बघितलेत. त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्या वर्गात शीर्षासन करून दाखवायचा मोह होईल. तो आवरा. हात-पाय-मान मोकळी करण्याच्या हालचाली, ताडासन, भिंतीला धरून वृक्षासन, मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, दहा मिनिटं शवासन. चाळीस मिनिटांत संपतं. शवासनात कुणीतरी घोरायला लागेल. उठवू नका, बाकीच्यांना हसू द्या. आणि चटया नक्की कमी पडतील, म्हणून दोन जुन्या चादरी जवळ ठेवा.